सांभाळायला दिलेली तांबडी

"बाई, आमची कोंबडी ठिवता का तुमच्याकडं?"

२०२३ सालचा दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. शाळा सुटली होती. मी वर्गाला कुलूप लावून वळले, तर मागे तिसरीतला एक मुलगा उभा. काखेत तांबड्या रंगाची कोंबडी. तिचे पाय चिंधीने बांधलेले. मान तिरकी करून ती माझ्याकडे बघत होती, आणि तोही.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरातलं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथली कितीतरी घरं कुलूपबंद होतात. माणसं ऊस तोडायला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने कोपीत राहायचं, पहाटेच्या अंधारात फडात जायचं आणि होळीच्या आगेमागे परत यायचं. हा मुलगाही दुसऱ्या दिवशी आईवडलांबरोबर निघणार होता. धाकटी बहीण दोन वर्षांची. आई फडात असताना तिला कोण बघणार? मी त्याच्या वडलांना दोनदा भेटले होते. "त्याला इथे हंगामी वसतिगृहात ठेवा, मी लक्ष देईन," असं म्हटलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् बारकीला कोण सांभाळल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पोराला मला ठेवून घेता आलं नाही. मग कोंबडीला नाही कसं म्हणू?

त्याने अटी सांगितल्या. अंडी बाईंनी खायची. कोंबडी खुडूक झाली तर अंडी तिच्याखाली ठेवायची. पिल्लं निघाली तर निम्मी बाईंची, निम्मी त्याची. मी विचारलं, "आणि हिला खायला काय घालू रे?"

"तिला काय लागत नाही बाई. तिचं ती खाती."

हे शेवटचं वाक्य मी कानाआड केलं आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

मुलांनो, मी शहरात वाढलेली. डी.एड.च्या दोन वर्षांत आम्हाला पाठ टाचण काढायला शिकवलं, बालमानसशास्त्र शिकवलं, कागदाच्या टोप्या करायला शिकवलं. कोंबडी कशी पाळायची ते कुणी शिकवलं नाही. घरी सासूबाई आणि माझी सहा वर्षांची मुलगी. आमच्या अंगणात सगळी शहाबादी फरशी. रात्री मांजरं येतात, दिवसा मुंगूस दिसतं, गल्लीत कुत्री. दुसऱ्याची ठेव आहे, तिला काही झालं तर पोराला तोंड कसं दाखवायचं? म्हणून मी बाजारातून एक डालगं आणलं आणि तांबडीला त्याच्याखाली ठेवून दिलं. सकाळी मूठभर तांदळाची कणी, दुपारी शाळेतली उरलेली खिचडी, संध्याकाळी पुन्हा भात. वाटीत पाणी. मला वाटलं, एवढे लाड तर तिचे तिच्या घरीसुद्धा झाले नसतील!

चौथ्या दिवशी तिने अंडं दिलं. फोडलं तर बलक कसा? गडद, केशरी. माझ्या मुलीने अंगणातलं झेंडूचं फूल आणून त्याच्याशेजारी धरलं आणि म्हणाली, "आई, सेम!" मग एकदिवसाआड अंडी येऊ लागली. सासूबाई सकाळी आधी डालगं उचलून बघायच्या आणि मग चहा ठेवायच्या.

त्याच नोव्हेंबरात सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जो अंडं खात नाही त्याला केळं. आमच्याकडे पहिल्यांदा अंडी आली ती दिवाळीची सुट्टी संपल्यावर. पांढरीशुभ्र, एकसारखी, पोल्ट्रीची. उकडून कापली तर आतला बलक फिकट पिवळा. आणि मुलांनो, मी तेव्हा एक आगाऊपणा केला. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "हे काय अंडं! आमच्या तांबडीचं अंडं बघा एकदा. बलक कसा केशरी! खरी ताकद त्यात असते."

"दाखवा ना बाई!" वर्ग ओरडला.

दुसऱ्या दिवशी मी तांबडीचं ताजं अंडं उकडून डब्यात घेऊन गेले. ऐटीत सोललं आणि सुरीने मधोमध कापलं. वर्ग शांत. मग पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, हे तर शाळेच्यापेक्षाबी पांढरंय."

खरंच की! बलक होता साईच्या रंगाचा. पुढे जो हशा पिकला तो मी अजून विसरलेले नाही. आणि हसण्यावारी नेता येणार नाही अशी गोष्ट पुढच्या आठवड्यात झाली. शाळेच्या अंड्यांच्या दिवशी दोन मुलींनी आपली अंडी ताटात तशीच ठेवली. विचारलं तर म्हणाल्या, "तुमीच म्हणल्या ना बाई, यात ताकद नसती." त्या दोघींच्या घरी अंडं सणासुदीलासुद्धा होत नव्हतं.

इकडे घरी वेगळंच चाललं होतं. अंड्यांची टरफलं पातळ होत चालली होती. हातात घेतलं की चिर पडायची. डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी डालग्याखाली जे सापडलं त्याला टरफलच नव्हतं. नुसती पातळ कातडी, आणि आत डुचमळणारं अंडं. पाणी भरलेल्या फुग्यासारखं. मुलगी घाबरून रडायलाच लागली. तांबडी कोपऱ्यात पिसं फुगवून बसली होती. उठवायला गेले तर दोन पावलं टाकली आणि पुन्हा बसली. पायांत जोरच नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली गं. गल्लीतल्या सगळ्यांना सांगत सुटलीस अंड्यांचं." त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मी काही बोलले नाही. त्यांचाही जीव तिच्यात अडकला होता.

नेमका त्याच रविवारी संध्याकाळी फोन आला. कारखान्याच्या बाजूने, वडलांच्या मोबाइलवरून. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज.

"बाई, तांबडी कशी हाय? अंडं देती का?"

"देते रे. झकास आहे," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि जेवण गेलं नाही. वर्गात रोज खरं बोलावं म्हणून सांगणारी मी!

सोमवारी अर्धी रजा टाकली. तांबडीला पिशवीत घातलं, तिची मान बाहेर ठेवली आणि शेजारच्या मोठ्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी तिला हातात घेतलं, पोटाखाली चाचपून पाहिलं. आत अंडं अडकलंय का ते बघत होते. तसं होतं म्हणे, आणि मग कोंबडी वाचणं कठीण असतं. नशिबाने तसं नव्हतं.

"काय खायला घालता मॅडम?"

मी सगळं सांगितलं. कणी, खिचडी, भात. दिवसातून तीनदा!

"आणि सोडता कधी?"

"सोडत नाही. मुंगूस आहे ना."

ते हसले. "मॅडम, तुम्ही हिचं पोट भरलंत आणि हिला उपाशी ठेवलंत."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. नंतर त्यावर मिळेल ते वाचलं. तेच आता तुम्हाला सांगते.

अंड्याचं टरफल म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, शंभर भागांतले ९४-९५ भाग. चुनखडी ज्या पदार्थाची बनलेली असते तोच हा पदार्थ. कोंबडीच्या पोटात बलकावर आधी पांढरं चढतं, मग पातळ कातडी आणि सगळ्यात शेवटी टरफल. एकट्या टरफलाला वीस तासांच्या आसपास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री, आपण झोपलेलो असताना चालतं. पोल्ट्रीच्या मोठ्या अंड्याच्या टरफलात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. गावरान अंडं लहान, त्यामुळे त्याला थोडं कमी लागतं.

हे कॅल्शियम येणार कुठून? खाण्यातूनच. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात जेमतेम १० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. मी हे गणित चौथीच्या मुलांना फळ्यावर घातलं. २ ग्रॅम म्हणजे २००० मिलिग्रॅम. मग एका टरफलापुरतं कॅल्शियम नुसत्या तांदळातून मिळवायचं तर किती तांदूळ लागेल? उत्तर आलं २० किलो! मुलांनी गणित तीन वेळा तपासलं. एवढीशी कोंबडी, आणि एका अंड्यासाठी वीस किलो तांदूळ!

मग इतके दिवस तांबडीने टरफलं कशाची केली? डॉक्टर म्हणाले, "स्वतःच्या हाडांची." खाण्यात कॅल्शियम कमी पडलं की कोंबडी ते आपल्या हाडांतून काढून टरफलाला देते. फार दिवस तसं चाललं की टरफलं पातळ होतात, मग येतच नाहीत आणि तिचे पाय जातात. हे ऐकताना मी पिशवीतल्या तांबडीकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

डालग्याखाली ऊनही पोचत नव्हतं. आपल्यासारखंच कोंबडीच्या अंगातही उन्हामुळे ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते नसलं तर खाल्लेलं कॅल्शियमसुद्धा नीट अंगी लागत नाही. वर खिचडीतलं मीठ. ते कोंबड्यांना फार सोसत नाही. म्हणजे माझी चूक एक नव्हती, चांगल्या तीन-चार होत्या.

डॉक्टरांनी पाण्यातून द्यायला कॅल्शियमचं औषध दिलं आणि म्हणाले, "चुनखडीचे बारीक खडे ठेवा तिच्यापुढे, संध्याकाळी. तिला हवे तेवढे ती खाईल. आणि मॅडम, सोडा तिला."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळं कबूल केलं. कोंबडी कशी आजारी पडली ते सांगितलं आणि विचारलं, "चुनखडी कुठे मिळेल?" एक मुलगा लगेच म्हणाला, "बाई, खडू घाला की! पांढराच असतोय." मी म्हटलं, बघूया. एका ताटलीत खडूचा तुकडा, दुसरीत अंड्याचं टरफल, तिसरीत रानातून आणलेला पांढरा खडा. आमच्याकडे नांगरलेल्या रानात असे खडे वाटेल तेवढे पडलेले असतात. तिन्हींवर लिंबू पिळलं. टरफलावर बारीक बुडबुडे आले. खड्यावरही आले. खडूवर काही नाही! आमचा खडू चुनखडीचा नव्हताच. हल्ली बरेच खडू जिप्समचे असतात. तुम्हीही हा प्रयोग करून बघा. (लिंबू आईला विचारून घ्या.) मात्र कुणी पानाला लावायचा चुना कोंबडीला घालू नका. तो तोंड भाजतो.

आणखी एक खजिना आमच्या शाळेतच होता. उकडलेल्या अंड्यांची टरफलं! ती धुऊन वाळवायची, तव्यावर भाजायची आणि पार बारीक कुटायची. बारीक यासाठी, की अख्खी टरफलं टाकली तर कोंबडीला स्वतःचीच अंडी फोडून खायची सवय लागू शकते. आता शाळेत अंड्यांच्या दिवशी मुलं टरफलं डब्यात गोळा करू लागली. त्या दोन मुलींपैकी एकीला टरफलं कुटायचं काम दिलं. पण अंडं खाल्ल्याशिवाय टरफल कुठून येणार? तिने सोललं, जरा वेळ बघितलं आणि खाल्लं.

पण त्याने माझी चूक पुसली जात नव्हती. मी जे फळ्यासमोर बोलले होते ते फळ्यासमोरच दुरुस्त करायला हवं होतं. त्यासाठी आधी मलाच समजून घ्यावं लागलं, की बलक केशरी होतो कशाने.

तर गंमत अशी, की बलकाचा रंग कोंबडी स्वतः तयार करूच शकत नाही. तो तिच्या खाण्यातून येतो. हिरवा पाला, लसूणघास, पिवळा मका, झेंडूच्या पाकळ्या यांत पिवळी-केशरी द्रव्यं असतात. ती तिच्या पोटातून बलकात उतरतात. तांदळात ती नसतात, पांढऱ्या ज्वारीतही नसल्यासारखीच. म्हणून नुसत्या भातावर बलक सायीसारखा झाला. माझ्या मुलीने बलकाशेजारी झेंडू धरला होता ना? त्या दोघांत एकच द्रव्य होतं म्हणा!

मग सुरुवातीची अंडी केशरी कशी होती? त्याचंही उत्तर सापडलं. बलक एका दिवसात तयार होत नाही. आठ-दहा दिवस त्यावर थर चढत असतात. माझ्याकडे आल्यावर तिने दिलेल्या पहिल्या अंड्यांचे बलक तिच्या घरच्या उकिरड्यावर, बांधावर, गवतातच भरत आले होते. ती माझ्या घरची अंडी नव्हतीच.

आता त्या ताकदीचं. मी वर्गाला सांगितलं, "मुलांनो, बाई चुकल्या. रंगावरून ताकद ठरत नाही. आपल्याला वाढायला लागणारी प्रथिनं फिकट बलकाच्या अंड्यात आणि केशरी बलकाच्या अंड्यात सारखीच. उलट शाळेचं अंडं आकाराने मोठं, म्हणजे एका अंड्यात प्रथिनं जरा जास्तच." पोल्ट्रीवाले कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क घालून बलक हवा तितका पिवळा करू शकतात. रंग जुळवून बघायला फिकट पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत पट्ट्यांचा एक पंखासुद्धा असतो. म्हणून पालकहो, केशरी बलक दाखवून कुणी दुप्पट पैसे मागितले तर जरा थांबा. कोंबडीच्या खाण्याने बदलतात ती काही जीवनसत्त्वं आणि बलकातली स्निग्धं. जवस खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ओमेगा-३ नावाची चांगली स्निग्धं वाढतात. आणि टरफलाचा रंग? तो जातीवर ठरतो. काहीही खायला घाला, पांढरी अंडी देणारी कोंबडी तपकिरी अंडी देणार नाही. काळ्याकुट्ट कडकनाथचं अंडंसुद्धा काळं नसतं!

डिसेंबरभर आमच्या शाळेत 'कोंबडी-राखण' चालली. शाळा सुटली की तांबडीला शाळेमागच्या पडीक रानात सोडायचं आणि चार मुलांनी काठ्या घेऊन मुंगसावर लक्ष ठेवायचं. पहिल्या दोन दिवसांत ती फक्त उन्हात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी उठली, पायाने माती उकरली आणि एक किडा टिपला. मुलांनी असा काही आरडाओरडा केला, की ती घाबरून पुन्हा बसली. मग हळूहळू टोळ, वाळवी, कोवळं गवत, तणाचं बी. तिचं ती खाऊ लागली. बारीक खडेही गिळायची. कोंबडीला दात नाहीत. खाटकाकडे कलेजी-पेटा मिळतो ना, त्यातला पेटा म्हणजे तिचं जातं. त्यात हे खडे असतात आणि दाणे दळले जातात.

मुलं घरून काय काय आणायची! हरभऱ्याचा पाला, मक्याचे दाणे, दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली झेंडूची फुलं. (परसातलीच फुलं घेतली. बाजारातल्या फुलांवर फवारणी असते.) एकाने लाल मिरच्या आणल्या. मी ओरडले, पण तांबडीने त्यातली एक खुशाल खाल्ली. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, हे मला तेव्हा कळलं.

अंडं मात्र येईना. वर्गात दिनदर्शिका टांगली होती. रोज एक फुली. अकराव्या दिवशी अंडं आलं. टरफल घट्ट! मी टेबलावर टिचकी मारून दाखवली. फोडलं, बलक अजून फिकटच. पण पुढच्या प्रत्येक अंड्याला जरा जरा पिवळा होत गेला. मुलांनी प्रत्येक अंड्याचा रंग खडूंनी कागदावर भरला. नाताळनंतरच्या आठवड्यात आम्ही पिवळा खडू ठेवून नारिंगी घेतला.

आणि मग एके दिवशी आला हिरवा बलक! खोटं नाही सांगत. पाच-सहा दिवस ठेवलेलं अंडं फोडलं तर बलक शेवाळासारखा, जरा तपकिरी. सासूबाईंनी लगेच मिठाचा डबा काढला. पण आता मी शहाणी झाले होते. आधी विचारलं, ही काय खात होती? शोध घेतला तर शेजारच्या गोठ्यात बाई म्हशीच्या टोपल्यातली सरकीची पेंड हाणत होत्या! सरकीत गॉसिपॉल नावाचं एक द्रव्य असतं. ते बलकातल्या लोहाशी जुळलं की असा रंग येतो, आणि अंडं ठेवलं की तो वाढतो. गोठ्याच्या दाराला फळी लावली. दोन आठवड्यांत हिरवा रंग गेला.

जानेवारीच्या मध्यावर ती खुडूक झाली. जवळ गेलं की पिसं फुगवून गुरगुरायची. मुलाची अट आठवली. शेजाऱ्यांचा कोंबडा रोज अंगणात येत होताच. अकरा अंडी निवडली, सगळी जाड टरफलाची. पातळ टरफलाच्या अंड्यातलं पाणी लवकर उडतं आणि पिल्लू जगत नाही, हे आता आम्हाला ठाऊक होतं. एकविसाव्या दिवशी पहिली चोच दिसली. अकरातली आठ पिल्लं निघाली. दोन घारीने नेली. तिथे आमची राखण कमी पडली. सहा राहिली.

रविवारचे फोन येत होतेच. पिल्लांचं मी लगेच सांगितलं. आजारपणाचं नाही सांगितलं.

तो आला मार्चच्या शेवटी. काळवंडलेला, उंच झालेला, तळहातांवर उसाच्या पाचटाचे चरे. वर्गात यायच्या आधी घरी आला. तांबडीने त्याला ओळखलं की नाही कोण जाणे. तिने त्याच्या पायाशी पडलेला दाणा टिपला. त्याने तिला उचललं, तुरा बघितला, पाय दाबून बघितले, अगदी त्या डॉक्टरांसारखे.

मी सांगून टाकलं. डालगं, भात, मऊ अंडं, तिचे गेलेले पाय, आणि 'झकास आहे' असं खोटं बोलले तेही.

तो गप्प राहिला. मग पिल्लांकडे बघत म्हणाला, "मी सांगितलं हुतं ना बाई. तिचं ती खाती."

"हो रे, सांगितलं होतंस."

सहा पिल्लांची वाटणी झाली. तीन त्याची, तीन माझी. माझ्या तिनांतली कोणती ते माझ्या मुलीने ठरवलं. मग मुलांनी त्याला दिनदर्शिका दाखवली, रंगांचा कागद दाखवला. हिरव्या ठिपक्यावर तो बराच वेळ थांबला. बुडालेल्या पाच महिन्यांचा अभ्यास आम्ही उन्हाळ्यात जमेल तसा केला. वीस किलो तांदळाचं गणित त्याने पहिल्याच फटक्यात सोडवलं.

२०२४ च्या नोव्हेंबरात तो पुन्हा दारात उभा राहिला. त्याची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती. बहीण आता तीन वर्षांची, पण अजूनही एकटी राहण्याएवढी नाही. मी पुन्हा वडलांना भेटले होते, आणि पुन्हा तेच झालं होतं. या वेळी तांबडीचे पाय बांधलेले नव्हते. त्याच्या दुसऱ्या हातात एक लहान पिशवी होती. उघडून बघितली, तर आत रानातले पांढरे खडे, बोराएवढे बारीक फोडलेले.

"डालगं काढू नका बाई," तो म्हणाला.

"नाही काढणार. माळ्यावर टाकलंय."

"रविवारी फोन करतो."

"कर. या वेळी असेल ते खरं सांगेन," मी म्हटलं.